दार उघडल्यावर आधी कोण बोललं? मुलांच्या विज्ञानकथांमधला आनंद, क्रौर्य आणि एकटेपण

सांजवात
उन्हाळी सुट्टीत आमच्या घरी शेजारपाजारची मुलं दुपारी गोष्टी ऐकायला जमतात. नाशिकच्या उन्हात पाच वाजेपर्यंत कुणी बाहेर सोडत नाही, म्हणून ही सोय. यंदा अकरा जण आहेत, दहा ते तेरा वर्षांचे. परवा त्यांना अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरीची 'ऑल समर इन अ डे' ही विज्ञानकथा वाचून दाखवली. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत सांगत सांगत गेले.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शुक्रावर माणसांची वस्ती आहे. तिथे सात वर्षं सलग पाऊस पडतो आणि मग जेमतेम दोन तास ऊन पडतं. वर्गातली मुलं नऊ वर्षांची आहेत, म्हणजे मागचं ऊन पडलं तेव्हा दोन वर्षांची. त्यांना काही आठवत नाही. मार्गो नावाची मुलगी मात्र चार वर्षांची होईपर्यंत पृथ्वीवर, ओहायोत होती. तिला सूर्य आठवतो. ती खेळत नाही, फारशी बोलत नाही, खिडकीशी उभी असते. ऊन पडायच्या दिवशी बाई वर्गाबाहेर गेलेल्या असताना मुलं तिला एका कपाटात कोंडतात. बाई येतात, 'सगळे आहेत ना?' म्हणून विचारतात, मुलं 'हो' म्हणतात आणि सगळी बाहेर पळतात. दोन तास बेभान खेळतात. पाऊस पुन्हा सुरू झाल्यावर एकीला मार्गो आठवते. मान खाली घालून सगळी परत जातात, दार उघडतात आणि तिला बाहेर काढतात. गोष्ट तिथेच संपते.

मी पुस्तक मिटलं. पंखा तेवढा आवाज करत होता. मग एक अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "काकू, दार उघडल्यावर आधी कोण बोललं?"

मला उत्तर देता आलं नाही. 'तूच विचार कर' म्हणाले आणि सरबत करायला उठले. रात्री एका मुलीच्या आईचा फोन आला. सुट्टीत असलं निर्दय काही कशाला वाचता, हसण्याखेळण्याच्या गोष्टी नाहीत का, असं त्यांचं म्हणणं. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या.

तेव्हापासून दोन्ही प्रश्न डोक्यात आहेत. त्या मुलाला काय सांगू? आणि मुलांच्या विज्ञानकथांत आनंदाचा क्षण आला की बहुतेक वेळा कुणीतरी एक मूल बाहेर का राहतं?

गोदाकाठ
वाचली आहे. कॉलेजात असताना. आजही ऑगस्टमध्ये ऊन पडलं की आठवते. बाकी सविस्तर नंतर लिहितो.

ध्रुवमत्स्य
गोष्ट १९५४ची आहे हे मुलांना नक्की सांगा. तोपर्यंत शुक्राच्या ढगांखाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. ढग दिसतात म्हणजे पाणी असणार, पाणी आहे म्हणजे जंगल असणार, अशी कल्पना बरीच वर्षं चालली. डिसेंबर १९६२मध्ये अमेरिकेचं मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं आणि तिथे भट्टी आहे हे उघड झालं. डिसेंबर १९७०मध्ये सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा ७ प्रत्यक्ष उतरलं. पृष्ठभागावर साधारण ४६० अंश सेल्सियस आणि आपल्या नव्वदपट दाब. ढग गंधकाम्लाचे. त्यातून पाऊस पडतो, पण खालच्या उष्णतेत वाफ होऊन वरच्यावर विरतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही.

म्हणजे खऱ्या शुक्रावरही ऊन दिसत नाही, फक्त कारण वेगळं आहे. मला हे कळलं तेव्हा गोष्ट बाद झाली असं वाटलं नाही. वस्तीतल्या त्या मुलांची तगमग खरीच आहे.

चिंचेचं_बोटुक
माझं माहेर आंबोलीजवळ. सात वर्षांचा पाऊस म्हटल्यावर आई म्हणाली, "मग गोधड्या कुठे वाळवत असतील गं त्या बायका?" :)

खरं सांगते, जुलैत आमच्याकडे चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे. शाळेच्या फ्रॉकला कायम धुराचा वास. मधेच कधी अर्धा तास उघडीप मिळाली की बाई स्वतःच म्हणायच्या, "जा रे, अंग शेकून या." सगळी शाळा चिरेबंदी गडग्यावर रांगेने बसायची. त्या अर्ध्या तासात कुणाला कोंडलं असतं, तर त्याने आम्हाला जन्मात माफ केलं नसतं.

काळवेळ
मुलं निर्दय होती हे मला पटत नाही. मार्गोकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्यापैकी कुणाकडे नाही, ती म्हणजे आठवण. ती सूर्याविषयी सांगते तेव्हा मुलं म्हणतात, खोटं बोलतेस. तिचं खरं मानलं तर आपण काहीतरी गमावलंय हे मान्य करावं लागतं. गोष्टीत असंही आहे की तिचे आईवडील तिला पुढच्या वर्षी परत पृथ्वीवर नेणार आहेत अशी कुजबुज आहे. म्हणजे तिची सुटका आहे, यांची नाही. नऊ वर्षांच्या मुलांच्या पोटात एवढं दुखत असेल तर ती काहीतरी करणारच.

तिचं वागणंही त्यांना परकं वाटतं. महिन्याभरापूर्वी तिने शाळेतल्या शॉवरखाली उभं राहायला नकार दिलाय, पाणी डोक्याला लागू नये म्हणून किंचाळलीय. आपण मोठे लोक याला नैराश्य म्हणू. मुलं 'ती वेगळी आहे' एवढंच बघतात.

रानजाई
काळवेळ, तुमचं बरोबर आहे, पण आत बसलेल्याला या कारणांचा काही उपयोग नसतो. मी लिहिते, कारण मी मार्गो होते.

बाबांची नोकरी आखातात होती. मी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याला परत आलो आणि मला चौथीत मराठी शाळेत घातलं. माझं मराठी घरातलं, 'र' थोडा वेगळा. पहिल्या आठवड्यात मी सारखी 'आमच्याकडे तिकडे' म्हणायचे. तिकडे समुद्र होता, तिकडे शाळेत मांजर होती. फुशारकी नव्हती हो. मला ते सगळं विसरायची भीती वाटायची, म्हणून बोलायचे. पंधरा दिवसांत माझं नाव 'तिकडे' पडलं. "ए तिकडे, तिकडे बस." डबा खाताना गोल करायचे आणि मी आले की गोल मिटायचा. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. घरी सांगायला काही नव्हतंच.

मग मी बोलणं बंद केलं. मराठी सुधारलं, 'र' सुधारला, पण आखातातल्या त्या घराचा जिना आता मला आठवत नाही. कितीही डोळे मिटले तरी. मार्गोच्या गोष्टीत मला कपाटापेक्षा ही भीती जास्त वाटते, की आणखी सात वर्षांनी तीही म्हणेल, मला सूर्य आठवत नाही.

एकांडा_शिलेदार
रानजाईचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आज लिहितो. गोष्टीत विल्यम नावाचा मुलगा आहे, तो पुढाकार घेतो. मी तो होतो.

सातवीत आमच्या वर्गात एक मुलगा होता, अडखळत बोलायचा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी आम्ही चौघांनी त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत ढकललं आणि कडी लावली. पाच मिनिटांनी उघडू असं ठरलं होतं. तेवढ्यात आमचं नाटक सुरू झालं, टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं आणि मी विसरलो. लक्षात ठेवून छळलं असतं तर ते वेगळं, मी चक्क विसरलो. शिपाईकाकांनी त्याला संध्याकाळी काढलं. त्याने कुणाचंही नाव सांगितलं नाही.

गेल्या वर्षी एका लग्नात तो भेटला. मी धीर करून विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, "आठवतं की. बॅडमिंटनच्या जाळ्यांना कुबट वास होता. आणि टाळ्या ऐकू येत होत्या." मी माफी मागितली. तो "बरं" म्हणाला आणि माझ्या मुलाची चौकशी केली.

सांजवातताई, तुमच्या त्या मुलाला सांगा, आमच्या बाबतीत सव्वीस वर्षं कुणीच बोललं नाही.

बकुळ
शिलेदार, लिहिलंत हे मोठं काम केलंत.

मी शाळांमध्ये समुपदेशन करते. मानसशास्त्रात सायबरबॉल नावाचा एक प्रयोग आहे. किपलिंग विल्यम्स हे संशोधक एकदा बागेत बसले असताना शेजारी दोघं फ्रिसबी खेळत होते. ती यांच्याकडे आली, यांनी परत फेकली, मग थोडा वेळ तिघांत खेळ चालला आणि अचानक त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं थांबवलं. अनोळखी माणसं, अनोळखी खेळ, तरी जिव्हारी लागलं. त्यावरून संगणकावरचा प्रयोग तयार झाला. पडद्यावर तिघं चेंडू फेकतात आणि काही वेळाने तुमच्याकडे चेंडू येईनासा होतो. समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतं. रानजाईचा डब्याचा गोल मला तिथे दिसला. 'कुणी मारलं नाही' म्हणून घरी सांगता येत नाही आणि दुखणं तर खरंच असतं.

दुसरी गोष्ट. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी 'कीवा' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्या भाषेत कीवा म्हणजे छान, आणि 'छळाविरुद्ध' या अर्थाच्या शब्दांचं ते लघुरूपही आहे. त्याचा भर छळणाऱ्यावर आणि छळ सोसणाऱ्यावर तर आहेच, पण त्याहून जास्त बघ्यांवर आहे. वर्गात एक विल्यम असतो. बाकीच्यांनी हसणं थांबवलं तर विल्यमचं बळ जातं. म्हणून मला गोष्टीतला सगळ्यांत टोचणारा भाग बाईंचा वाटतो. त्या 'सगळे आहेत ना' विचारतात, पण डोकी मोजत नाहीत.

गोदाकाठ
मोजत नाहीत! हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

उंबरठा
बॅडमिंटनच्या जाळ्यांच्या वासावरून थेट दुसरी गोष्ट आठवली, अमेरिकी लेखिका अर्सुला ल गुइन यांची १९७३ची, ओमेलास नावाच्या शहराची. (हे नाव त्यांनी ऑरेगनमधल्या सेलम गावाची पाटी आरशात उलटी वाचून घेतलं.) शहर विलक्षण सुखी आहे. उन्हाळ्याचा उत्सव चालू आहे, घोडे सजलेत, एक मूल बासरी वाजवतंय. आणि एका इमारतीच्या तळघरात झाडूपोछाच्या खोलीत एक मूल कोंडलेलं आहे. दहा वर्षांचं, पण दिसतं सहाचं. कोपऱ्यात घाण वासाचे पोछे आहेत, त्यांची त्याला भीती वाटते. सगळ्या शहराचं सुख त्याच्या दुःखावर उभं आहे. अट अशी की त्याच्याशी एक मायेचा शब्दही बोलायचा नाही. बोललात तर त्या क्षणी शहराचं सगळं सुख संपलं.

आता धाग्याच्या विषयाशी येते. हे गुपित ओमेलासमधल्या मुलांना आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान सांगितलं जातं, म्हणजे सांजवातच्या श्रोत्यांच्या वयात. बहुतेक जण मूल पाहून येतात, रडतात, संतापतात आणि हळूहळू स्वतःची समजूत घालतात. काही थोडे शहर सोडून निघून जातात, एकेकटे.

शुक्रावरच्या मुलांना आनंदासाठी मार्गोला विसरावं लागलं. ओमेलासच्या मुलांना त्या पोराला लक्षात ठेवून आनंदी व्हायचं आहे. दुसरं मला जास्त भयंकर वाटतं. तिथे दार उघडण्यावर बंदी नाही. उघडलं तर काय जाईल, ते सगळ्यांना माहीत आहे.

जांभळा_पाऊस
मी सतरा वर्षांची आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. बीटीएस या कोरियन बँडच्या 'स्प्रिंग डे'च्या व्हिडिओत एका हॉटेलवर ओमेलास अशी पाटी दिसते. २०१७चं गाणं आहे. मी तिथून ही गोष्ट शोधून वाचली. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी गाण्यामुळेच वाचली. त्यामुळे आमच्या पिढीला असं काही झेपत नाही असं कृपया समजू नका.

सांजवात
जांभळा_पाऊस, स्वागत. छान सांगितलंस. लिहीत राहा.

खडक_आणि_पाणी
ओमेलासबद्दल माझा जुना आक्षेप आहे. निघून गेलेल्यांचं एवढं कौतुक कशासाठी? ते गेले, मूल तळघरातच राहिलं. त्यांचं मन शुद्ध झालं, पोराला काय मिळालं? एन. के. जेमिसिन या लेखिकेने २०१८मध्ये या गोष्टीला उत्तर म्हणून गोष्ट लिहिली, तिच्या नावातच राहून लढणारी माणसं आहेत. मला ती बाजू पटते.

उंबरठा
पण ल गुइन कुठेच म्हणत नाहीत की गेलेले बरोबर आहेत. ते कुठे जातात हे सांगायचंही टाळतात. माझी मुलगी बारा वर्षांची असताना वाचून म्हणाली होती, "जाताना त्याला 'येतो' तरी म्हणायचं." त्यावर मी आजही विचार करते. तो एक शब्द म्हणजेच अट मोडणं.

मास्तर_कोकणातले
चर्चा आवडली. मी रायगडात तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. विज्ञानकथा फार वाचलेल्या नाहीत, पण तळघरातल्या पोराशी बोलायचं नाही ही अट मला परकी वाटली नाही. आमच्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात. गावकीने एखादं घर वाळीत टाकलं की दुकानदार मीठ देत नाही, लग्नाला आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, २०१७पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा झाला तो मोठ्यांसाठी. वर्गात मी पाहिलंय, वाळीत टाकलेल्या घराचं पोर शाळेत आलं की बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. सहा वर्षांच्या पोरांना कुणी शिकवलेलं नसतं. घरात बोलणं ऐकतात, तेवढं पुरतं.

पण त्याच पोरांकडे आणखी एक गोष्ट असते. आट्यापाट्या असोत, लंगडी असो, लपंडाव असो, कुणाचं तरी धाकटं भावंड रडत मागे येतं. त्याला खेळता येत नाही. पोरं त्याला हाकलत नाहीत, 'कच्चा लिंबू' म्हणतात. तो पळतो, ओरडतो, बाद झाला तरी बाद धरत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनीच सांभाळला. मी दरवर्षी पहिल्या दिवशी वर्गाला विचारायचो, आज कच्चा लिंबू कोण? पंधरा दिवसांत तो पक्का व्हायचा.

ध्रुवमत्स्य
मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून गोष्ट पुन्हा काढली. त्यात वर्गात सूर्याचं वर्णन येतं ते लिंबासारखा असंच आहे. अंगावर काटा आला.

चिंचेचं_बोटुक
काय सांगता! आज रात्री लेकीला दोन्ही लिंबं सांगणार.

लहानगीची_आई
मला मनापासून विरोध नोंदवायचा आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या मोठ्या भावाने तिला मार्गोची गोष्ट सांगितली. ती आठवडाभर रात्री उठून विचारायची, "मार्गो अजून आत आहे का?" कपाटाचं दार उघडं ठेवून झोपायची. तुम्ही सगळे मोठे होऊन हे वाचताय, तुमच्याकडे शब्द आहेत. आठ वर्षांच्या मुलीकडे काय असतं? त्या फोन करणाऱ्या आईचं मला पटतं. दुःख आयुष्यात आपोआप येतं, ते गोष्टीतून अगोदर पोचवायची घाई कशाला?

बकुळ
तुमची काळजी रास्त आहे. वय बघायलाच हवं, आणि मूल बघायला हवं. आठव्या वर्षी मीही सांगणार नाही. एक विचारू? मुलगी कपाट उघडं ठेवून झोपायची तेव्हा घाबरून, की मार्गोला बाहेर येता यावं म्हणून?

लहानगीची_आई
हे तिला विचारलं. ती आता चौदाची आहे. म्हणाली, "अगं, तिला बाहेर येता यावं म्हणून." मला हे सहा वर्षं माहीत नव्हतं. विरोध मागे घेत नाही, पण रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी बोलत बसलो होतो.

नववी_ब
सीबीएसईवाल्यांना आठवत असेल. नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात पहिलाच धडा होता, आयझॅक अॅसिमॉव्ह यांचा 'द फन दे हॅड'. गोष्ट १९५१ची, घडते २१५७मध्ये. अकरा वर्षांची मार्गी घरात एकटी यंत्राकडून शिकते. शेजारचा टॉमी कागदाचं जुनं पुस्तक आणतो, तेव्हा तिला कळतं की पूर्वी शाळेत सगळी मुलं एकत्र बसायची.

यात कुणी कुणाला छळत नाही. आई प्रेमळ, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस येतो, भूगोलाचा वेग जास्त झाला होता तो कमी करून देतो. सगळं तिच्या भल्यासाठी. फक्त डबा वाटून खायला कुणी नाही. आम्ही परीक्षेपुरता धडा पाठ केला आणि २०२०मध्ये माझा धाकटा भाऊ बेडरूमच्या कोपऱ्यात मोबाइलसमोर गणवेशाचा फक्त शर्ट घालून बसलेला पाहिला, तेव्हा धडा कळला. रानजाईला ज्या वर्गात गोलाबाहेर ठेवलं, तसाच वर्ग मार्गीला स्वप्नातला वाटतो. या दोन गोष्टी एकापाठोपाठ वाचायला हव्यात.

रानजाई
हो. आणि मला विचाराल तर, तरीही मला वर्गच हवा होता.

काळवेळ
अवांतर: मराठीत अशा विज्ञानकथा कुठे आहेत? नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. तिथून मराठी विज्ञानकथेला बळ मिळालं. पण माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कथांत प्रयोगशाळा, शास्त्रज्ञ, परिषदा आहेत. मूल असलं तर ते प्रश्न विचारायला असतं आणि काका उत्तर देतात. मुलाच्या आतलं एकटेपण विज्ञानकथेत क्वचित भेटलं. मास्तरांच्या वर्गातलं वाळीत टाकलेलं पोर कुणीतरी मंगळावर न्यायला हवं.

परिचारिका_सातारा
अॅसिमॉव्ह यांचीच १९५८ची 'द अग्ली लिटल बॉय' कुणी आणली नाही म्हणून लिहिते. संशोधक चाळीस हजार वर्षांपूर्वीचं एक निअँडरथल, म्हणजे नामशेष झालेल्या आदिमानवाच्या जातीचं, मूल आत्ताच्या काळात आणतात आणि एका खोलीत ठेवतात. त्याला त्या खोलीबाहेर नेता येत नाही. सांभाळायला एक परिचारिका नेमतात, मिस फेलोज. पहिल्या दिवशी ती त्या पोराचा चेहरा पाहून शहारते. मग त्याला नाव देते, टिमी. बोलायला शिकवते. वर्तमानपत्रं त्याला माकड म्हणतात तेव्हा ती भांडते. प्रयोग संपतो आणि पोराला परत पाठवायचं ठरतं, तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन त्याच्याबरोबर निघून जाते, चाळीस हजार वर्षं मागे.

मी एकवीस वर्षं बालविभागात काम केलं. उंबरठा, खडक, तुमचा वाद वाचला, ओमेलास सोडायचं की राहून लढायचं. मला मिस फेलोजचं पटतं. ती खोलीतच गेली, पोराजवळ. काही बाळांसाठी आपल्या हातून होण्यासारखं एवढंच उरतं आणि ते मी केलं आहे.

खडक_आणि_पाणी
ताई, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. नमस्कार घ्या.

गोदाकाठ
मूळ प्रश्नाबद्दल एक माहिती. १९८२ साली अमेरिकेत मार्गोच्या गोष्टीवर टीव्हीसाठी अर्ध्या तासाचा लघुपट झाला. त्यांनाही बहुधा सांजवातच्या मुलासारखंच वाटलं असावं. त्यांनी शेवट पुढे नेला. मुलं उन्हात वेचलेली फुलं आणून मार्गोला देतात. काहींना ते गोडगोड वाटतं. मला वाटतं, कुणीतरी दारापाशी थांबून पुढचा विचार केला हे महत्त्वाचं.

सांजवात
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. काल मुलांना गोदाकाठने सांगितलेल्या फुलांबद्दल काही बोलले नाही. फक्त वह्या दिल्या आणि म्हटलं, दार उघडल्यापासून पुढे लिहा. ज्या आईंचा फोन आला होता त्यांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, मी पण येऊन बसते. येऊन बसल्या.

तीन वह्यांबद्दल सांगते.

एका मुलीने लिहिलं, मार्गो कुणाकडे न बघता खिडकीशी गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, एकेक नाव घेऊन, आणि रोज घेत राहिल्या.

फोन करणाऱ्या आईंच्या मुलीने लिहिलं, मुलांनी बाहेर जॅकेटं काढली होती, ती उन्हात तापली होती. त्यांनी ती मार्गोच्या अंगावर घातली, एकावर एक, सगळ्यांची. मी पुस्तक उघडून पाहिलं. खरंच, मुलं उन्हात जॅकेटं काढतात असं एक वाक्य आहे. मी दहा वेळा वाचलेल्या गोष्टीत मला ते दिसलं नव्हतं. त्या आई बराच वेळ वहीचं पान हातात धरून होत्या.

आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्याने चारच ओळी लिहिल्या. "आधी मार्गो बोलली. तिने विचारलं, मी सांगितला तसाच होता का? कुणीच बोललं नाही. मग विल्यम म्हणाला, हो, तसाच होता."

एकांडा_शिलेदार
त्या मुलाला माझ्याकडून एक पुस्तक पाठवायचं आहे. पत्ता खाजगी संदेशात द्याल का?

जांभळा_पाऊस
जॅकेटांचं वाचून रडले. एक विचारू का, खरंच ती जॅकेटं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत गरम राहिली असती?

ध्रुवमत्स्य
विचार करून सांगतो. वरून थेंब पडले, वर थोडी ओलीही झाली असतील. जाड कापड असेल आणि घडी करून पोटाशी धरली असतील तर आतली ऊब दहाएक मिनिटं टिकते. पण मुलं दारातच थबकली होती, पाय उचलत नव्हते. तेवढा वेळ धरला तर बाहेरचं जॅकेट गार झालेलं असणार. आतली दोन-तीन कोमट पोचली असती.